दुसरा मिस्ड कॉल

मंगरूळपीर

प्रिय ताई,

हे पत्र न वाचताच तू चुलीत घालशील, इतकं मी तुला ओळखते. आधी वाच, मग खुशाल घाल.

लग्नाआधी तू वापरायचीस तो फोन अजून आपल्या घरी आहे. मागच्या महिन्यात त्यावर रोज अपडेटची सूचना यायची. मला वाटलं, काहीतरी नवं दिसेल. घरात शिकलेली म्हणून मिरवते ना मी! कुणाला न विचारता बटण दाबलं. तेव्हापासून फोन पार मंदावलाय. एक फोटो उघडेपर्यंत मेथीच्या चार जुड्या बांधून होतात. कधी पडदा काळा पडतो, कधी मधेच बंद होऊन आपोआप सुरू होतो. बाबा काढून घेतील या भीतीनं मी तोंड उघडलं नाही.

दिवाळीनंतर तुला परत सोडताना आपलं ठरलं होतं. बोलायला गेलं की तुझ्या सासूबाई कान देऊन बसतात, म्हणून एक मिस्ड कॉल म्हणजे बरी आहे. लागोपाठ दोन म्हणजे भावजींनी पुन्हा हात उचलला, बाबांना पाठवा, मी स्टँडवर थांबते. सोमवारी सकाळी मला एकच दिसला. ताई बरी आहे, असं मी आईला हसून सांगितलं. बाबा दिवसभर वांग्याला पाणी देत होते गं, घरीच होते.

काल जीपवाले बाबूलालकाका आले. म्हणाले, "रेणू सोमवारी थैली घेऊन कामरगावच्या स्टँडवर बसून होती, पार सांजेपर्यंत. तुमच्या घरचं कोणी काहून नाई आलं?" मी धावत जाऊन फोन तपासला. तुझा दुसरा कॉल आला तेव्हा फोन हँग झाला असणार, त्यात त्याची नोंदसुद्धा नाही. आणि तू पुन्हा त्याच घरात गेलीस. पुढचा विचार करवत नाही, ताई.

मी घरी सगळं कबूल केलं. बाबा ओरडले नाहीत, त्यानंच जास्त रडू आलं. "आता मले कोणी न्यायले येऊ नका," असा निरोप तू काकांजवळ दिलास, तरी बाबा निघालेत. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय, कारण तुझ्यासमोर उभं राहून त्यांना बोलता येणार नाही. आईबाबांनी तुला टाकलं नाही. चुकले ती मी. माझं तोंड पाहायचं नसेल तर मी मालेगावला मावशीकडे राहायला जाते, पण तू बाबांसोबत घरी ये.

तुझीच,
निता