पाकळीचा ल

३ जून
ळ सुटला! तीन आठवडे अडला होता. हा फॉन्ट मथळ्यांसाठी, पाट्यांसाठी: जाड रेघ विटेएवढी, बारीक केसाएवढी. त्यात ळ ची दोन्ही पोटं काळी भरून जायची. आज दोन्हींत पांढरं उरलं. मोठ्ठा प्रिंट काढून चेन्नईत गिंडीच्या ऑफिसात भिंतीवर लावला. आमचे बॉस राघवन सर कॉफी हातात धरून नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "छान. पण मराठीचे वेगळे ल आणि श वगळ. क्लायंटला हिंदी वळणाचे चालतील."
चालतील! मला नाही चालणार.

५ जून
शोळिंगनल्लूरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. क्लायंटची मीटिंग. एसी इतका की ओढणी गुंडाळून बसले. चहाची कंपनी, पाकिटं, दुकानांच्या पाट्या, सगळं आमच्या अक्षरात. त्यांची ब्रँडिंगवाली म्हणते, "स्क्रिप्ट एकच ना? महाराष्ट्रातले लोक वाचतात की."
"वाचतात. दुसरं मिळत नाही म्हणून वाचतात." मी.
सरांनी घसा खाकरला. परतताना कॅबमध्ये एकच वाक्य: "क्लायंटसमोर नको होतं."
सॉरी म्हटलं नाही.

८ जून, रवि.
खालच्या मजल्यावर शकुंतलाबाईंकडे. निवृत्त शिक्षिका, घराणं तंजावरचं. बोलतात मराठी, लिहितात तमिळ. देवनागरी बोट ठेवून वाचतात. त्यांचं नाव दोन कागदांवर छापून नेलं. एकावर हिंदी वळणाचे श, ल; दुसऱ्यावर आपले, देठाचा श आणि पाकळीचा ल. कुठलं कुठलं ते सांगितलं नाही. चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं, दुसऱ्यावर तळवा ठेवला.
"हें माझें."
का विचारलं. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. "अप्पांनी पाटीवर असाच ल शिकविला." मग माझ्याकडे रोखून, "अय्यो, तुम्ही काय आतां हा पुसणार?"
नाही म्हटलं. म्हणून बसले खरी.

१० जून
सर: "ती दोन अक्षरं राहिली तर फॉन्टच्या श्रेयनामावलीत तुझं नाव राहणार नाही."
"नाव काढा."
"इतका हट्ट?"
"हो सर."
  दोन वर्षांचं काम आहे हे. नोकरी गेली तर... जाऊ दे.

१३ जून
फाइल द्यायचा दिवस. लपवाछपवी केली नाही. सरांना सरळ मेल: हिंदी आणि मराठी, दोन्ही वळणं आत आहेत. वगळायची तर तुम्ही वगळा, माझ्या हातून होणार नाही.
पाच मिनिटांत मागे येऊन उभे. "ऊठ."
माझ्या खुर्चीत बसले. ल उघडला. वाटलं, गेला. पण ते मोठा करून बघत राहिले. पाकळ्या जुळतात तिथल्या बारीक रेघेवर बोट टेकवलं.
"छपाईत इथे तुटेल. सोमवारपर्यंत जाड कर."
"म्हणजे राहणार?"
सरांनी डबा उचलला, गेले. क्लायंटला फाइल अजून पाठवलेली नाही.
ल ची रेघ जाड केली. आता श.