म्हसवडच्या रांगेतलं ऊन

वाई, रविवार, मार्चअखेर

माझ्या लेकीचे, अश्विनीचे, दोन्ही गाल काळवंडलेत. आणि लग्न पुढच्या महिन्यात.

मुरमांचे डाग घालवायला तिला पील, म्हणजे औषध लावून चेहऱ्याची वरची कातडी काढणं, करायचं होतं, तेव्हाच बजावलं होतं मी, की पोरी, हे थंडीत करायचं काम. या विषयातलं मिळेल ते वाचून काढलंय, कुणी शिकवलेलं नाही. पण तिला रजा मिळाली ती आत्ता. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करू, मात्र आठवडाभर ऊन नको.

आठवडा व्हायच्या आतच आम्ही म्हसवडला. पहिली पत्रिका कुलदैवताला, सिद्धनाथाला, ते चुकवणार कसं? सनस्क्रीन मी घड्याळ लावून लावायला लावलं. वर स्कार्फ होताच. भरदुपारी रांग देवळाबाहेर आली आणि आक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली, "आगं, देवाच्या दारात तोंड बांधून हुभी ऱ्हातीस व्हय? नवरी हायस का दरोडेखोर?"

सगळे हसले. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. 'राहू दे बांधलेला' एवढंच म्हणायचं होतं मला. म्हणालो काय, तर "सोड गं थोडा वेळ." का? चार माणसांत आक्काला समजावून सांगायची लाज वाटली? मला? तो स्कार्फ मीच नीट घडी घालून खिशात ठेवला.

आज डॉक्टरीणबाईंना फोन केला. लग्नापर्यंत डाग जातील असं सांगता येत नाही म्हणाल्या. मग चिडून विचारलं, "तोंड उघडं ठेवूच कसं दिलं? बरोबर कोण होतं तिच्या?"

"बायका होत्या," मी म्हणालो.

अश्विनी समोरच बसली होती. उठून आत गेली.