सुदामला कुणी रागवत नाही

१८ फेब्रुवारी
खलीलभाई हो म्हणाले. एकदाचे. कूलरचा कारखाना, सीझन तोंडावर, त्यांना माणूस हवाच होता. सुदामला (यापुढं सु., माझा हात दुखतो) परवापासून बोलावलंय. मोटर बांधायचं काम त्याला येतं, वाळूजला कंपनीत तेच करायचा. मग कानात आवाज यायला लागले, नोकरी सुटली, मधली वर्षं पडेगावला बहिणीच्या घरी छताकडं बघण्यात गेली. अशा माणसांना परत कामाला लावणं हे माझं काम. लावणं जमतं. टिकवताना जीव जातो.

आजाराचं भाईंना सांगितलं. सु.चाच आग्रह होता. मधे एका जागी लावला होता, तिथं लपवलं, खिशात गोळ्या सापडल्या, हाकलला. शेवटचं वाक्य मात्र मी माझ्या पदरचं घातलं: भाई, ह्याला रागवू नका, आवाज चढवू नका. भाईंनी छातीवर हात ठेवला. "जबान दी, बाई."

२० फेब्रुवारी
इस्त्रीचा शर्ट. लतानं, म्हणजे बहिणीनं, डबा एवढा भरला की चौघं जेवतील. दारात म्हणाला, "ताई, तुम्ही जावा आता." गेले. कोपऱ्यावर चहा घेत उभी राहिले, ते त्याला माहीत नाही.

२ मार्च
झकास. भाई कामावरच्या पोरांना दिवसभर सोलून काढतात. शकीलला तर खानदानासकट. आणि सु.ला काय, "सुदामसाब, चाय लो." मी फुगले. ऑफिसात सांगत सुटले, मालक असावा तर असा. येताना जिलेबी घेतली.

९ मार्च
सकाळी लताचा फोन. सु. परवापासून कामाला जात नाहीय. धावत पडेगाव.

गच्चीवर बसलेला. झोप? बरी. गोळ्या? घेतो. आवाज? "नाय ओ ताई." मग माझंच डोकं फिरलं. अरे मग झालंय काय?

मग बोलला. एका कूलरची वायर त्यानं उलटी जोडली. पंखा उलटा फिरला, सगळं वारं मागं भिंतीवर. पोरं हसायच्या बेतात. भाई म्हणाले, "कोई बात नहीं, सुदामसाब." आणि तो वळल्यावर स्वतःच बसून वायर नीट केली. त्यानं मागून बघितलं.

"शकीलनं केलं असतं तर भाईनं त्याला उभा फाडला असता. तिथं समद्यांला शिव्या बसतात ताई. मला एकट्याला नाय. मला कामाला ठेवलंच नाय तिथं, पाव्हणा म्हणून बसवलंय."

रागवू नका हे वाक्य माझंच. मीच त्याला पाव्हणा करून आले होते.

१० मार्च
भाईंकडं. ऐकून घेतलं आणि माझ्यावरच उखडले. "तुमीच बोले ना आवाज नक्को चढाओ बोलके? मेरा पेट फूल गया इतने दिन. गाली दिया तो बीमार तो नहीं पडेगा?"

मी म्हटलं, मला नका विचारू, त्याला विचारा. मी बरंच शहाणपण केलंय. फोन लावून दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

नंतर भाईंनी सांगितलं, सु. काय म्हणाला ते: कामावरनं काय बी बोला, डोक्यावरनं नको. पागल हा शब्द नको. भाई म्हणाले, "सौदा मंजूर." उद्या येतो म्हणाला.

१४ मार्च
दुपारी सु.चा फोन. "ताई, आज भाई मला गधा म्हणले. दोनदा." इतका खूश आवाज त्याचा मी आजवर ऐकला नव्हता. फोन ठेवला आणि भाकरी थापता थापता रडू आलं. खुळी मी.

२१ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. कारखान्यात कूलरच्या गवताचे ढीग, उभं राहायला जागा नाही. गोळ्यांनी सु.ला दुपारी झापड येते, तो गवतावरच आडवा होतो. उठवायचं काम भाई दुसऱ्या कुणाला देत नाहीत. "उठ रे नवाब, तेरे पंखे क्या मैं बांधू?" बाकी पोरं जळतात. मला लई बरं वाटलं.

६ मे
बरं नाही. सु.ची झोप उडालीय. लता म्हणते, पुटपुटतो, पिशोरला गावी जाऊ म्हणतो. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. म्हणाले, घाबरायचं कारण नाही, वाटलं तर जाऊ दे कामावर. पण कालपासून घरीच.

भाईंना फोन लावायला घेतला, तेवढ्यात सु.नं लताच्या फोनवरनं सांगितलं, "तुम्ही नका बोलू. मीच सांगतो भाईला." अजून सांगितलेलं नाही. मी हात बांधून बसलेय. असं बसणं मला जमत नाही.

८ मे
सकाळी भाईंचा फोन. "वो गधा किधर है?" मी म्हटलं, त्यालाच विचारा. फटकन ठेवला. वाटलं, गेलं काम.

थोड्या वेळानं लता. मागं नुसता कालवा. खलीलभाई स्कूटर घेऊन पडेगावला आलेत. घरासमोर उभे राहून बोंबलतायत, मोटरी पडून आहेत, सीझन क्या तेरा बाप निकालेगा, गल्ली गोळा झालीय. लता घाबरलेली. "ताई, काय करू? आत बोलावू का जा म्हणू?"

मी विचारलं, सु. काय करतोय?

म्हणाली, "चपला शोधतोय."

त्यानंतर फोन नाही. मीही केलेला नाही.