वन्सं, माझ्या मेंदूचा फोटो निघाला

ओडेन्स, रविवार

ती. गुद्रुन वन्सं यांना बोडिलचा नमस्कार. मागच्या जेवणाबद्दल आभार. तुमचा गुडघा आणि मांजर दोन्ही बरी असतील. (मांजराची चौकशी आसगेरकडून.)

त्या दिवशी मी हेरिंग मासा अर्धवट टाकून उठले, तेव्हा ‘भांडी घासायची वेळ झाली की हिला चांदण्या दिसतात’ असं तुम्ही म्हणालात आणि तुमचा भाऊ आसगेर हसला. मला चांदण्या नाही, करवतीच्या दात्यांसारखी झगमगती रेघ दिसते. मग माणसांचे अर्धे चेहरे गायब होतात (तुमचाही, त्याबद्दल तक्रार नाही) आणि मागोमाग अर्धशिशी उठते. हे नाटक की खरं, याचा निकाल लावायला मी कोपनहेगनच्या एका संशोधनात नाव दिलं.

तिथला डॉक्टर मिकेल अगदी पोरसवदा. त्याला ती रेघ चालू असतानाचा मेंदू बघायचा होता, पण ती बया बोलावून थोडीच येते? त्यांनी डोळ्यांवर दिव्यांची उघडझाप केली, जागची न हलणारी सायकल मारायला लावली (जन्मभर सायकलवर फिरणाऱ्या आपल्याकडच्या बाईचा याहून अपमान नाही) आणि घामाघूम अवस्थेत एमआरआयच्या नळकांड्यात सरकवलं. डोकं स्वच्छ. इतकं बरं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. मिकेल रडवेला झाला. मला तेवढीच सोबत म्हणून त्याने आसगेरला माइकवर बसवलं. बायकोशी काय बोलावं, ते आसगेरला सुचेना. शेवटी म्हणाला, “ताईचा फोन होता. नाताळाला येतेय. नवं वर्ष लागेपर्यंत राहीन म्हणतेय.”

रेघ तत्काळ सुरू झाली.

बाहेर पडद्यावर सगळं दिसलं. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे पाहण्याचं काम चालतं, तिथे एकदम गडबड उसळली आणि गोगलगायीच्या चालीने पुढे सरकत गेली. लाट जिथून जाई, तिथे मागे सामसूम. मिकेल आनंदाने नाचला म्हणे. मला बाहेर काढल्यावर आसगेरने खाली बसून माझ्या पायांत बूट चढवले आणि म्हणाला, “इतकी वर्षं हे खरंच होतं गं.” मी ओकत होते, म्हणून उत्तर दिलं नाही.

तुमची,
बोडिल

ता.क. एकदा दिसलेलं विज्ञान मानत नाही, पुन्हा दिसावं लागतं. तेव्हा नाताळाआधीच या आणि माइकवर बसा. खास काही बोलायला नको. माझ्या घरच्या पडद्यांविषयी बोललात तरी पुरे.

आणखी ता.क. वरचं राहू द्या. परतीच्या गाडीत आसगेर म्हणाला, लहानपणी तुम्हीही डोक्याला ओला टॉवेल बांधून लाकडांच्या खोपटात बसायचात आणि सासूबाई ‘ढोंगी’ म्हणून कान पिरगाळायच्या. हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मिकेलला आणखी एक डोकं हवंच आहे. आत गार असतं, लोकरीचे मोजे घालून या. नळकांड्यात तुम्ही झोपा, माइकवर मी बसते. काय बोलायचं, ते माझं लग्नापासून तयार आहे.