पान चव्वेचाळीस ते सेहेचाळीस

प्रिय कात्री,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मनातल्या मनात मला चार शिव्या हासडल्या असशील. हासड, माझी ना नाही. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते. हो, माझ्या पटकथेचा नववा प्रसंग लिहून झाला, तू सांगितलं होतंस तसाच. दुसरी बातमी म्हणजे बाबा येत्या रविवारी दादाकडे राहायला चाललेत, कायमचे. सकाळी दहाला दादा गाडी घेऊन येणार. आपल्या पटकथेच्या गटात कळलं तर सगळे टाळ्या वाजवतील, सुटलीस बाई एकदाची म्हणतील. मलाही तसंच वाटायला हवं. पण तसं वाटत नाहीये. या दोन बातम्या मुळात एकच आहेत आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तू आमच्या घरी एकदाच आलीस, तेही दाराशी उभ्याउभ्या. त्यामुळे तुला आमच्या दोन खोल्यांची कल्पना नाही. बाबांची कॉट अशी लावली आहे की तिथून माझं टेबल दिसतं. मी हॉस्पिटलचे रिपोर्ट ऐकून टाइप करते तेव्हा हेडफोन एकाच कानाला लावते. दुसरा कान बाबांचा. त्यांना काही हवं असलं की ते पेल्यावर चमचा वाजवतात. पाणी, चष्मा, खिडकी लाव, खिडकी उघड. त्यांचा उजवा पाय गेल्यापासून आंघोळ घालणं, उठवणं, बसवणं सगळं माझ्याकडे आहे. सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी एक कप चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायलेली नाही. हसू नकोस, खरंच नाही. दर दुसऱ्या शनिवारी शेजारच्या काकू बसायला येतात, तेही तीन तास, घड्याळाकडे बघत. गटाच्या बैठकीला जाण्यायेण्यात दीड तास मोडतो. माझ्या लिखाणाची चिरफाड रंगात आली की मी पिशवी उचलून पळते, हे तू पाहिलंच आहेस. तुमच्या नायिकेला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात सांगा, असं सरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, तिला तीन तास हवेत, सलग. सगळे खो खो हसले होते. तू हसली नव्हतीस.

आता बाबांच्या लाल पेन्सिलीबद्दल. चौतीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. आता घरात तपासायला काही नाही, म्हणून ते औषधाच्या खोक्यांवरच्या चुका काढायला लागले, विजेच्या बिलावरच्या काढायला लागले, काकूंनी दाराला लावलेल्या चिठ्ठीवरच्यासुद्धा! काकू आठ दिवस बोलत नव्हत्या. मग मी पटकथेची पानं त्यांच्या हातात द्यायला लागले. तेवढाच त्यांचा वेळ जाईल, आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळ चमचा गप्प राहील. ते पानं वाचायचे, चुकांवर खुणा करायचे आणि परत द्यायचे. कथेबद्दल एक अक्षर नाही. प्रूफवाल्याने मजकुरात नाक खुपसायचं नाही, हा त्यांचा छापखान्यापासूनचा नेम. मी लहानपणी निबंधात पहिली आले तेव्हासुद्धा त्यांनी निबंध वाचून दोन चुका दाखवल्या होत्या आणि वही मिटली होती. एकदा, एकदा तरी चांगलं म्हणा, असं मला आजवर किती वेळा ओरडावंसं वाटलं असेल, देव जाणे.

माझ्या कथेत मी बाबांचा शिंपी केला होता. उजवा पाय गेलेला, अंथरुणाला खिळलेला शिंपी आणि त्याची मुलगी. तेवढ्यावर ते ओळखणार नाहीत असं मला वाटलं. काय अक्कल म्हणायची! आठ प्रसंग त्यांनी मुकाट्याने तपासले, आणि मीही निर्धास्त होते. मग तू लिहिलंस की पाल्हाळ (गटाने तुला कात्री आणि मला हे नाव उगाच नाही दिलं), आठ प्रसंग झाले तरी तुझी मुलगी त्या खोलीतच घुटमळतेय. बाप गेल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही, मार त्याला. तुझं बरोबर होतं. मी दोन दिवस तुझ्यावर चिडून काढले आणि तिसऱ्या दिवशी लिहायला बसले. कात्री, तो प्रसंग मी एका बैठकीत लिहिला. कुठे अडले नाही, काही खोडलं नाही. सकाळ होते आणि शिंप्याची मुलीला बोलवायची घंटा वाजत नाही. मुलगी खोलीत जाऊन बघते आणि तिला कळतं. ती रडत नाही. खिडक्या उघडते, स्वयंपाकघरात येते, चहा करते आणि भावाला फोन करायच्या आधी बसून तो चहा शेवटपर्यंत पिते. गरम. मला तो प्रसंग सुचवावा लागलाच नाही. मी तो कितीतरी वेळा मनात पाहिलेला होता.

ही पानं बाबांना द्यायची नाहीत, एवढी शुद्ध मला होती. म्हणून मी ती कपाटात साड्यांखाली ठेवली आणि पुढचा, दहावा प्रसंग त्यांना दिला. आणि इथेच मी माती खाल्ली. पानांवर क्रमांक होते. त्रेचाळीसनंतर एकदम सत्तेचाळीस! प्रूफवाल्याच्या हातात मधली पानं गाळून गठ्ठा द्यायचा म्हणजे मांजरासमोर दूध सांडून बघू नकोस म्हणण्यातला प्रकार. चमचा वाजला. तीन पानं कमी आहेत म्हणाले. मी म्हटलं, अजून लिहायची आहेत. ते शांतपणे म्हणाले की सत्तेचाळीसवर शिंप्याच्या मशीनवर चादर घातलेली आहे आणि मुलगी एकटीच आहे, तेव्हा मधलं लिहून झालेलं असणार, आण. मी चाळीशी ओलांडलेली बाई. त्यांनी हात पुढे केला आणि मी आठवीतल्या मुलीसारखी कपाटाशी गेले. नाही म्हणता आलं असतं. का म्हटलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

तीन पानांना त्यांनी दोन दिवस लावले. मी दर दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून खोलीत डोकावत होते. त्या दोन दिवसांत चमचा एकदाही वाजला नाही. परत दिलेल्या पानांवर तीन खुणा होत्या. शिवाय मुलगी दोनदा हाक मारते त्यातली एक हाक त्यांनी काढून टाकली होती, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. शिंप्याचा उजवा पाय कशाने गेला, ते आठही प्रसंगांत कुठे आलेलं नाही, तर ते राहून गेलंय का? मी मान डोलावली. मग पान सेहेचाळीस उलटून बघितलं, तर चहाच्या ओळींशेजारी, समासात, त्यांच्या त्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पान उत्तम. एवढंच. कात्री, जे ऐकायला मी सगळा जन्म घालवला, ते मला तिथे मिळालं! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले.

सोमवारी मी औषधं आणायला गेले तेवढ्यात त्यांनी स्वतः दादाला फोन केला. संध्याकाळी दादाचा मला फोन, की बाबा स्वतःहून यायचं म्हणतायत, तुमचं काही वाजलंय का? वहिनीने खालची खोली रिकामी करायला घेतली आहे, ती बिचारी चांगलीच आहे. पण दोघंही सकाळी आठला घर सोडतात ते संध्याकाळी सातला येतात. बाबा दिवसभर पगारी माणसाच्या हवाली राहणार. मागे एकदा गेले होते तेव्हा अकरा दिवस टिकले. परत आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता आणि आठवडाभर ते बोलले नव्हते. हे दादाला माहीत आहे, मला माहीत आहे, बाबांनाही आहे. तरी ते जातायत. तुला लिहायला जागा हवी, एवढंच कारण त्यांनी मला दिलं, आणि पेन्सिलीला टोक करत बसले.

आणि मी नका जाऊ म्हणू शकत नाहीये. कसं म्हणू? ती निव्वळ कथा आहे म्हटलं, तर ते म्हणतील कथाच आहे, मी कुठे काय म्हणालो. तुम्ही मला हवे आहात म्हटलं, तर माझ्याच हातची तीन पानं माझ्या विरुद्ध साक्ष देतात. जाऊ देत म्हटलं, तर त्या अकरा दिवसांनंतरचा शर्ट डोळ्यांपुढे येतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला सुटायचं होतं गं, खोटं कशाला बोलू. पण असं नव्हतं सुटायचं. आणि हेही लिहून ठेवते, की ते राहिले तर पुढच्या आठवड्यात चमचा वाजल्यावर मी पुन्हा दात ओठ खाणार आहे. काहीही बदलणार नाही. दहाव्या प्रसंगानंतर मुलगी कुठे जाते, हे मी तुला विचारणार होते, पण आता मला ते जाणून घ्यायचं नाही.

फोन न करता हे पत्र लिहिलं, कारण दोन खोल्यांत कुजबुजसुद्धा दोघांची असते, आणि मला जे मागायचं आहे ते त्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही. उद्या कुरिअरने टाकते, परवा तुझ्या हातात पडेल. त्याच दिवशी त्यांना एक चिठ्ठी लिही. थेट त्यांच्या नावाने, हाताने. बोललेलं त्यांच्या लेखी खरं नसतं, कागदावर आलेलं लागतं. त्यात लिही की नववा प्रसंग तू लिहिलास, मी अडून बसले होते म्हणून नमुन्यादाखल पाठवलास, आणि मी तो टाइप करून माझ्या पानांत घातला. आपल्या गटात एकमेकींसाठी पानं लिहिली जातात हे त्यांना ठाऊक आहे. चहासुद्धा तुझाच होता म्हणून लिही. ते फसतील असं मला वाटत नाही, चौतीस वर्षांत त्यांना कुणी फसवलेलं नाही. पण कागद हातात आला की त्यांना खरं मानल्यासारखं करता येईल, आणि मग मलाही राहा म्हणता येईल. चिठ्ठी शनिवारपर्यंत पोचायला हवी. ‘पान उत्तम’ त्यांनी आयुष्यात एकदाच लिहिलंय, कात्री. ते पान तुझं आहे, असं त्यांना सांग.

तुझीच,
पाल्हाळ