अ‍ॅडव्हायझरची सही

सर, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. काकूंनी माझ्या आईला फोन करून कळवलं होतं आणि आईने मला मेसेज केला. तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. "ओके" एवढंच उत्तर टाइप केलं आणि पुढची स्लाइड दाखवली.

अमेरिकेतल्या आमच्या कॅम्पसवरच्या जुन्या फ्रॅटर्निटींनी, म्हणजे ग्रीक अक्षरांची पाटी लावलेल्या घरांत एकत्र राहणाऱ्या गोऱ्या मुलांच्या मंडळांनी, मला दोनदा नाकारलं होतं. म्हणून आम्ही आठ देशी मुलांनी एका देशी फ्रॅटर्निटीची आपल्या कॅम्पसवर शाखा काढायचं ठरवलं. युनिव्हर्सिटीला एका शिक्षकाची अ‍ॅडव्हायझर म्हणून सही हवी होती. दोघांनी नाही म्हटलं, तिसरे तुम्ही. तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी मी बसलोय, काकू पोह्यांवर ओलं खोबरं घालताहेत, आणि तुम्ही फॉर्मचं प्रत्येक पान बोट ठेवून वाचताय. "यात रॅगिंग नाही ना रे? नागपूरला आमच्या हॉस्टेलमध्ये फार चालायचं. माझा रूममेट कॉलेज सोडून गेला त्यापायी." मी म्हणालो, "नो सर, इट्स अ ब्रदरहुड." "मराठीत सांग की." अकराव्या वर्षापर्यंत मी पुण्यात वाढलेलो, शब्द शोधावे लागत नव्हते, तरी शोधल्यासारखं केलं. "सगळे भाऊभाऊ, सर." तुम्ही हसलात आणि सही केलीत.

शाखेला मान्यता मिळाली त्या समारंभाला तुम्ही अडीच तास ड्राइव्ह करून आयसेलिनच्या भारतीय दुकानातून लाडू आणलेत. आम्ही सूट घातलेले, हेडक्वार्टर्सची माणसं आलेली, आणि तुम्ही स्वेटरमध्ये, हातात ते दोन खोके. मी ते घेऊन टेबलाखाली सरकवले. "सर, धिस इज अ फॉर्मल इव्हेंट." तुम्ही म्हणालात, "हो हो, बरोबर आहे," आणि मागच्या रांगेत जाऊन बसलात. मी भाषणात सगळ्यांचे आभार मानले. तुमच्या बोलण्याची नक्कलही केली, 'व्हेरी' म्हणताना तुमचा ओठ कसा मुडपतो त्याच्यासकट. हॉल हसत होता. तुम्हीही हसत होतात.

पुढच्या जानेवारीत सहा नवी मुलं शाखेत येऊ पाहत होती. ती तुमच्या क्लासमध्ये झोपायची. तुम्ही मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलंत, "काय करायला लावता रे त्यांना?" त्या दिवशी मी पहिल्यांदाच आपणहून तुमच्याशी मराठीत बोललो. "काही नाही हो सर. इतिहास पाठ करतात शाखेचा. तुम्ही काळजी नका करू." तुमचा चेहरा किती सैल झाला! खोटं बोलायला मी ती भाषा काढली, कारण त्या भाषेत तुम्ही माझं ऐकाल हे मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी भर दुपारी आम्ही त्या सहाजणांना मागच्या अंगणात बर्फात अनवाणी उभं केलं. संस्थापकांची आठ नावं ओळीने म्हणायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पहिलं नाव माझं होतं. त्यांतला एक बोलताना अडखळायचा. बाकीचे पाच आत गेले आणि तो तिथेच राहिला, माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरावर अडकलेला. कोणीतरी म्हणालं, "यार, बस कर, त्याचे पाय बघ." मी म्हणालो, "पूर्ण करू दे." मला मजा येत होती, सर. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. हॉस्पिटलमध्ये त्याची दोन बोटं कापावी लागली, डाव्या पायाची.

चौकशीच्या खोलीत डीन, तुम्ही आणि मी. मी म्हणालो, "अ‍ॅडव्हायझरना सगळं माहीत होतं. मी त्यांना आधी सांगितलं होतं." तुम्ही माझ्याकडे वळून मराठीत विचारलंत, "किती वेळ उभा होता रे तो?" डीनने मला विचारलं, हे काय म्हणाले? मी इंग्रजीत सांगितलं, "ते माफी मागताहेत." इंग्रजी तुम्हाला माझ्याइतकंच येत होतं. तरी तुम्ही मला खोटं पाडलं नाहीत. शाखा एका सेमिस्टरपुरती बंद झाली. तुमचं दर वर्षी वाढवून मिळणारं कॉन्ट्रॅक्ट मात्र वाढवलं नाही. नोकरीबरोबर व्हिसा गेला, इतकी वर्षं वाट पाहिलेलं ग्रीन कार्ड गेलं. उन्हाळ्यात तुम्ही आणि काकू नागपूरला परतलात. मी निरोपाला आलो नाही. तुम्ही गेल्याचा फोन तिथूनच आला.

आता मी बेलव्ह्यूला असतो. शाखा जोरात चालू आहे. वर्धापनदिनाला पहिला संस्थापक म्हणून मला बोलावलंय आणि मी जाणार आहे, तिकीट काढलंय. तिथल्या आत्ताच्या प्रेसिडेंटने ईमेल करून विचारलं होतं, आपले पहिले अ‍ॅडव्हायझर कोण होते, भिंतीवर नाव लावायचं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. त्या ईमेलचं उत्तर मात्र हे लिहायला बसण्याआधीच पाठवून टाकलं. आठवत नाही, असं लिहिलं.