हरण्याचा जोडीदार

२० मे १९७४, पिंगळी.
दाजींचा एक बैल मेला. मरता मरता दाजींच्या पायावर लाथ घालून गेला, म्हणून बाजाराला मला धाडायलेत. आता हरण्या एकटाच. जोडी न्हाई तर पेरणी न्हाई, मग वर्षभर आक्कानं चुलीवर काय शिजवायचं? दाजी म्हणाले, पाव्हणे, बैल न्हाई आणला तर जुवाला तुमालाच जुंपतो. दाजी लय विनोदी हायेत.

२३ मे, सकाळी. परभणी.
बाजारात एका बैलानं मला उताणं पाडलं. मी उठून त्याला लाथ घातली. मालकानं माझा गळा धरला. त्यानं सोडल्यावर मी पण त्याला सोडलं. रुमालाखाली एकमेकाची बोटं दाबून भाव करायचा, ही विद्या मला येते. पण आज मूड गेला.

दुपारी.
स्टेशनाजवळ हर्रास लागलीय, जाहीर लिलाव. जहागीरदाराची जुनी विलायती मोटार! टायर बसलेत, पत्र्याला भोकं हायेत. पण मागची सीट म्हणजे पलंग. लग्नाला भाड्यानं लावली तर एका हंगामात चार बैल. फायनल.

तीन वाजता.
भाव गुपचूप करावा म्हणून बोली पुकारणाऱ्या कारकुनाच्या हातावर रुमाल टाकला, खालून दोन बोटं दाबली. त्यानं सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. म्हणाला, चिमटे काढायलास का रे? भंगारवाला भगवानराव खो खो हसला. मी त्याचं नाक फोडलं. त्यानं माझा पुढचा दात पाडला. मग मला असा राग आला की बैलाचे सगळे पैसे एका दमात बोललो. एक बार, दो बार, तीन बार. मोटार माझी! भगवानराव नाकातलं रक्त पुसत हसतच होता. हरल्यावर माणसाचं डोकं फिरतं.

२४ मे.
स्टार्ट करायला हँडल मारलं. हँडलनं मला मारलं. मनगट सुजलं. दुसऱ्यांदा मारलं तर बंदुकीसारखा बार झाला आणि इंजिनातलं तेल सगळं माझ्या अंगावर. किरकोळ काम हाय. दाजींना निरोप धाडला, ओढायला हरण्याला घेऊन या, आनंदाची बातमी समोरच सांगतो.

२६ मे.
दाजी लंगडत आले. मोटारीभोवती एक चक्कर मारली. मग हँडल उपसून चार माझ्या पाठीत, दोन मोटारीच्या दिव्यांवर. भगवानरावनं पत्र्याच्या भावानं मोटार उचलली. तेवढ्या पैशात बैल बसंना. दाजींनी नवं जू घेतलं. एका बाजूनं जरा अरुंद.
संकल्प: पाठ बरी झाली की दाजींशी दोन हात करायचेच.

१९ जून.
पेरणी चालू. खांदा सोलला. हरण्या ढुशा देतो, वळताना पाय तुडवतो. काल मी त्याला चावलो. पण तिफणीचे तास सरळ पडायलेत, ते माझ्यामुळं.
शेजारचा आश्रुबा बांधावर आला. दाजींना म्हणाला, तात्याराव, जोडी द्यायची का? दाजी म्हणाले, बोला की. दोघांचे हात रुमालाखाली गेले. मी मान वाकडी करून बघायलो. दाजी माझी किंमत काय सांगतेत?
आश्रुबा माझ्यापुढं आला, हनुवटी धरली, ओठ वर केला, बघितलं.
म्हणाला, हरण्याचं एकट्याचं सांगा. ह्याचा दात पडलाय.